चाचांचा नेमणुकीचा कागद

चाचा बसत नसत. चहा उभ्याने, पेपर उभ्याने. न्हाव्याकडे टेकावंच लागे, तर अर्ध्या दाढीत दोनदा उठून बाहेर डोकावून येत. महाडात त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, चाचा निवांत बसलेले आठवतात का म्हणून. मला आठवतात. एकदाच.

आम्हाला इंग्रजी शिकवायचे तेही चालत. वर्गाला खोली नव्हतीच. सकाळी सातला एसटी डेपोपाशी जमायचं आणि चाचांच्या मागून बाजारपेठेतून चवदार तळ्याकडे, तिथून सावित्रीच्या काठाने परत. मी पोलादपूरहून पहिल्या गाडीने यायची. पहिल्याच आठवड्यात माझ्या चपलेचा अंगठा दोनदा तुटला. चाचांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. राग आला होता मला, खोटं कशाला बोलू.

त्यांचा सगळा जीव एका गोष्टीत अडकलेला. माणसाला कामावर घेणं आणि वस्तू कामात आणणं, यासाठी इंग्रजीत किती शब्द आहेत आणि कुठला कुणाला लावायचा. रस्त्यात भाड्याचा टेम्पो दिसला की ‘हायर’. कोर्टासमोर पक्षकार वकिलाशी बोलताना दिसला की ‘एंगेज’. पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं दिसली की ‘रिक्रूट’. शाळेत निघालेल्या बाई म्हणजे ‘अपॉइंट’. आणि शटरला लावलेला जुना, उरलेला रंग म्हणजे ‘यूटिलाइज’. नुसतं पाठ करून चालायचं नाही. त्या माणसाजवळ जाऊन विचारायचं, तुम्हाला कामावर कुणी घेतलं, कसं घेतलं, कागद काय दिला. मग वाक्य करायचं. मी एका हमालाला भीतभीत विचारलं, ‘तुमच्याकडे कागद हाय का?’ तो पाठीवर थाप मारून म्हणाला, ‘पाठ हाय.’ पोरं हसली. चाचा नाही हसले.

त्याचं कारण त्यांनी एकदा नदीकाठी सांगितलं, येरझारा घालतच. तरुणपणी ते आखातात गेले, गोदामातला कारकून म्हणून. निघताना एका इंग्रजी कागदावर सही केली. वाचता येत नव्हता, आणि विचारायची लाज वाटली. तिथे पोचल्यावर कळलं की कागदात नेमणूक कुठेच नव्हती, ‘सेवा गरजेप्रमाणे यूटिलाइज करण्यात येईल’ एवढंच होतं. गरज सिमेंटच्या गोणी उतरवायची होती. नऊ वर्षं उतरवल्या. तिथेच रद्दीतले पेपर वाचून इंग्रजी शिकले. परत आले ते पाठ कामातून गेलेली आणि पायांना ही भिंगरी घेऊन.

‘माणसाला नेमतात गो,’ ते म्हणाले. ‘वापरतात ती वस्तू. मला आजवर कुणी नेमलं नाय. मरायच्या आधी एक कागद हवा. माझं नाव, आणि खाली अपॉइंट.’

हे मी विसरले नव्हते. म्हणून तर पुढे पोलादपूरच्या एका शाळेच्या कार्यालयात लागल्यावर, इंग्रजी संभाषणासाठी बाहेरचा माणूस घ्यायचं ठरलं तेव्हा मी मुख्याध्यापकांच्या मागे भुणभुण लावली. डिग्री नाही, वय झालंय, सगळं ऐकून घेतलं आणि हटले नाही. शेवटी हो म्हणाले. चाचांना फोन केला तर पलीकडून नुसती पावलं ऐकू येत होती.

पत्र मीच टाइप केलं. परीक्षेचे दिवस, टेबलावर ढीग, साहेब सहीला खोळंबलेले. तात्पुरत्या लोकांसाठीचा जुना मसुदा कॉम्प्युटरवर होता. नाव बदललं, तारीख बदलली, सही घेतली. चाचा दुपारी आले, इस्त्रीचा शर्ट घालून. टेबलासमोर उभ्यानेच पत्र वाचलं. मग चार घड्या करून खिशात ठेवलं, ‘मेहरबानी’ म्हणाले आणि गेले. माझ्याशी इतकं अदबीने ते कधीच बोलले नव्हते.

काहीतरी खटकलं म्हणून मी कॉपी काढून पाहिली. ‘सेवा गरजेप्रमाणे यूटिलाइज करण्यात येईल.’ माझ्या हाताने. ज्यांच्याकडून शिकले त्यांनाच. शरमेने कान तापले माझे. बाहेर धावले तर गाडी सुटलेली.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी साहेब गेटातून आत येतात न येतात तोच नवं पत्र पुढे केलं. पुन्हा कशाला, म्हणून ते चिडले. म्हटलं, चूक माझी आहे, सही करा. पत्र पिशवीत घातलं आणि महाडची गाडी पकडली. गाडी प्रत्येक थांब्यावर थांबत होती आणि मी आत दांडा धरून उभी. जागा होती, पण बसवेना.

वर्ग संपवून चाचा डेपोतच फेऱ्या मारत होते. मी पत्र पुढे केलं. त्यांनी चष्मा पुसला. वाचलं. पुन्हा वाचलं. मग बाकड्यावर बसले, अगदी पाठ टेकून. एवढा उंच माणूस, बसल्यावर एवढासा दिसला.

‘तू वाच गो,’ म्हणाले. ‘मोठ्यानं.’

मी वाचलं. ‘अपॉइंट’ दोनदा वाचलं. तेवढ्यात पोलादपूरची गाडी लागली. कंडक्टरने बेल दिली. कामाला उशीर होत होता, म्हणून मी निघायला लागले.

पुढे दोन वर्षं त्यांनी आमच्या शाळेत शिकवलं, मैदानात फिरत फिरत. आता ते नाहीत. पण त्या सकाळी, आयुष्यात कधी एक गाडी चुकू न देणाऱ्या त्या माणसाने माझी पिशवी धरून मला खाली बसवलं.

‘जाऊ दे गो,’ म्हणाले. ‘दुसरी येल.’