दौलतचा ओठ

सनई तोंडाला लावण्याआधी दौलत बोटाने वरचा ओठ चाचपून बघायचा. लोकांना वाटे, हा देवाचं नाव घेतो आहे. मला खरं माहीत होतं. ओठ जागेवर आहे का, एवढंच तो बघायचा. कारण तो ओठ अधूनमधून आपोआप सुजायचा. ना मार, ना गांधीलमाशी, ना खाज. सकाळी जरा ताठ वाटायचा आणि दुपारपर्यंत वांग्यासारखा फुगायचा. कधी ओठाऐवजी हात सुजे, कधी पोट धरून तो लोळे. त्याच्या बापाचंही असंच होतं म्हणे. "पाव्हणा आलाय," दौलत म्हणायचा. "दोन-तीन दिस ऱ्हाईल आन् जाईल. जेवाय घालावं लागत न्हाय, एवढं बरं हाय."

दौलत माझी बायको यमुना हिचा थोरला भाऊ. मराठवाड्यातल्या ईट गावाच्या अलीकडे आमचं गाव. निजामाच्या अमदानीची ती शेवटची वर्षं. आम्ही वाजंत्री. दौलत सनईवर गाणं वाजवायचा आणि मी शेजारी बसून सूर धरायचो. सूर धरणाऱ्याच्या सनईतून एकच स्वर निघतो. गालात हवा साठवायची, नाकाने श्वास घ्यायचा, पण स्वर तुटू द्यायचा नाही. माना डोलतात त्या गाणं वाजवणाऱ्याच्या सनईवर. सूर धरणाऱ्याकडे लोक बघतात ते फक्त तो चुकला तर.

जवळच्या वाशीच्या बाजारात एकदा एका लग्नात आम्ही वाजवलं. तिथल्या म्हाताऱ्या अत्तरवाल्याने दौलतच्या बाहीला अत्तर लावलं. "वाह बेटा, क्या दम है!" मग माझ्याकडे बघून विचारलं, "ये भी बजाताय क्या?" सगळे हसले. परत येताना दौलतने आपली बाही माझ्या बाहीवर घासली. "घे दाजी, निम्मा वास तुमचा." त्याने हे मायेने केलं होतं. मी घरी येऊन तो सदरा राखेने घासून धुतला. यमुना भाकरी थापता थापता हात थांबवून सनई ऐकायची. ती कुणाची ऐकते हे मला विचारावं लागत नव्हतं.

गावच्या भैरोबाच्या पालखीपुढे वाजवणाऱ्याला पाळणूक असे. पालखीच्या आधी पाच दिवस दारू नाही, मटण नाही, देवळातच मुक्काम. सूर धरणाऱ्याने त्याच्याबरोबर राहायचं, त्याच्याच ताटात जेवायचं आणि पालखी उचलण्याआधी पाटलांनी विचारलं की सगळ्यांपुढे सांगायचं, पाळणूक झाली म्हणून. आमच्याकडे साक्ष सूर धरणाऱ्याची.

त्या वर्षी दौलतने पालखीसाठी नवी चाल बसवली होती. ते पाच दिवस तो ओठ दुखेपर्यंत वाजवत राहिला. मी म्हटलं, "बास करा आता." तो म्हणाला, "दम पोटातला आसतोय दाजी, ओठ नुसता दाराशी उभा." पालखीच्या सकाळी ओठ सुजला. दुपारी डोळ्याखालपर्यंत सूज चढली. माणसं कुजबुजू लागली, "पिऊन कुठं पडला वाटतं." "पडला कशाचा, देवानंच थोबाडीत दिली!"

पाटलांनी मला विचारलं, "पाळणूक पाळली का रे यानं?"

दौलत माझ्याकडे बघत होता. नीट बोलता येत नव्हतं त्याला. ताट एक, घोंगडी एक, पाचही दिवस मी त्याच्याजवळ होतो. मी खाली बघितलं आणि म्हणालो, "म्या काय सांगू, मालक?"

एवढंच. खोटं एक अक्षर बोललो नाही. पालखीपुढे त्या दिवशी मी वाजवलं.

सूज उतरली, पण नाव गेलं ते गेलं. पुढे दौलत माझ्यामागे बसून सूर धरू लागला. मला वाटलं होतं, आता तरी लोक माझं ऐकतील. पण त्याचा तो एकच स्वर असा भरीव असायचा की माणसं माझं गाणं सोडून तोच ऐकत बसायची. त्या एका स्वराचाही मी हेवा केला. तो मला कधी काही बोलला नाही. एकदाच म्हणाला, "दाजी, तुमी तरी सांगा लोकांला, म्या पीत न्हाय." मी म्हणालो, "सांगू की." सांगितलं नाही.

पोलिस ॲक्शनच्या आदल्या उन्हाळ्यात पाहुणा त्याच्या गळ्यात उतरला. आवाज घोगरा झाला, मग बसला. बैलगाडी धाराशिवच्या दवाखान्यापर्यंत पोचली नाही. गाव म्हणालं, देवाने गळा धरला.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आमच्या नातवाचा ओठ सुजला. आम्ही दोघं त्याला घेऊन सोलापूरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त तपासलं आणि समजावून सांगितलं. रक्तात आवर घालणारा एक घटक असतो, तो याच्यात जन्मापासून कमी आहे. आवर सुटला की बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतून पाणी झिरपतं आणि सूज येते. दाब पडला, मार लागला, दगदग झाली की उठते. पोटात आली तर कळा, गळ्यात आली तर जीवावर. आईबापांकडून मुलांत उतरते. यमुनेला अधूनमधून पोटात कळा यायच्या, त्यांना मी आयुष्यभर माहेरी जायचं निमित्त म्हणत आलो होतो.

"घरात आधी कुणाला होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्या बापाला. भावाला," यमुना म्हणाली. "सनई वाजवायचा. गावानं त्याला दारुडा ठरवलं."

"कोणी सांगितलं तसं?"

"कुणीच न्हाय, डॉक्टरसाहेब." ती नातवाच्या ओठावर ओला रुमाल धरून होती, माझ्याकडे वळली नाही. "इचारलं व्हतं. ज्याला ठाऊक व्हतं, त्यानं सांगितलं न्हाय."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. माहीत असून ती इतकी वर्षं मला ताट वाढत होती.

आमच्या गावात अजून भैरोबाने थोबाडीत दिलेल्या वाजंत्र्याची गोष्ट सांगतात. पाटील आता नाहीत, दौलत नाही. त्याचा स्वर आठवला की हेवा मात्र अजून होतो. तो राहू दे. पण त्या दुपारचा प्रश्न माझ्याकडे तसाच पडून आहे, त्याचं उत्तर देतो.

व्हय मालक, पाळली व्हती. माझ्याच ताटात जेवत व्हता.