मांगुरीची हळद

सावरदऱ्याच्या तळ्यात जाळी टाकणाऱ्या भोयांच्या वस्तीत धुरपदाबाईचं घर शेवटचं, अगदी सांडव्याला लागून. नवरा सुपडू गेल्यावर जाळं मुलाकडे, अभिमनकडे आलं. टोपली मात्र तिच्याच डोक्यावर राहिली. चाळीसगावच्या बाजारात गिऱ्हाईक तिला शोधत यायचं, कारण तिच्याकडची मांगूर जिवंत असायची. काळीसावळी, मिशाळ, अंगावर खवला नाही. ओल्या पोत्याखाली दुपारपर्यंत चुळबुळत राहायची.

त्या घराचा एक रिवाज होता. आषाढात पोटुशी मांगूर जाळ्यात आली तर ती विकायची नाही. डोक्यावर हळदीचं बोट टेकवून तिला परत पाण्यात सोडायचं. सासूनं शिकवलेलं हे धुरपदाबाईनं कधी चुकवलं नव्हतं. "जाय माय, माहेरले जाय. लेकरे लई ये," असं पुटपुटत ती गुडघाभर पाण्यात वाकायची.

"तू बठ्ठी मासळी पानीमा सोडी देशी, ते आम्ही काय गोटा खाऊत?" अभिमन चिडवायचा.

"तुना बाप बी हाईच म्हने. मासळी खाईसनच मोठा झाया ना तू?"

ब्याण्णव साली तळ्याच्या वरच्या अंगाला मोतीलालशेठनं शेततळं खोदलं. कलकत्त्याहून रेल्वेनं माशांचं बीज मागवलं. थाई मांगूर म्हणत त्याला. "अक्का, कोंबडीची आतडी टाकली तरी खाते, आणि फुगते कशी बघा!" शेठ मोठ्या कौतुकानं सांगे. त्याच भादव्यात शेततळ्याचा बांध फुटला आणि ते सगळं बीज तळ्यात उतरलं.

पुढच्या आषाढात जाळ्यात हातभर लांबीची मांगूर आली, पोट टम्म. धुरपदाबाई हरखली. तिला वाटलं, तळं पावलं. तिनं हळद लावली, हात जोडले, सोडली. त्यानंतरच्या आषाढात तर अशा कितीतरी आल्या. एकेक धरायला अभिमनला दोन्ही हात लागायचे. तिनं एकीचीही हळद चुकवली नाही.

मग झिंगे दिसेनासे झाले. मरळीची पिल्लं गेली. काठच्या ज्या उथळ गवतात मांगूर अंडी घालायची, तिथं ती दांडगी धडं पाणी घुसळू लागली. आणि एक दिवस टोपलीत भलतीच मासळी निघाली. रंग आपल्या मांगुरीचा, डोकं मात्र लांबट, चपटं, शेठच्या मासळीसारखं. बाजारात शेजारी बसणाऱ्या रुक्माबाईनं ती उलटसुलट करून पाहिली.

"अक्का, हाई पोर कोनावर गई वं?"

बाया हसल्या. धुरपदाबाईला हसू आलं नाही. घरी येऊन तिनं अभिमनला विचारलं, "मी हळद लाईसन सोडी ती बठ्ठी शेठनीच व्हती ना रे?"

अभिमन जाळ्याची गाठ सोडवत राहिला. "तुले काय माहीत व्हतं, माय," एवढंच म्हणाला.

तेव्हापासून ती प्रत्येक मांगुरीच्या डोक्यावरून बोट फिरवून पाहायची आणि मगच टोपलीत टाकायची. बोटाला ओळखीचं डोकं लागेना. सत्त्याण्णवच्या आषाढात मात्र अभिमन काठावरून ओरडत आला. हातात वीतभर, काळीसावळी, छोट्या डोक्याची, पोटुशी मांगूर.

"माय, हाई आपलीच शे!" चिडवणारा तो, आज स्वतःच हळदीची डबी घेऊन आला.

धुरपदाबाई पाण्यात उतरली, वाकली आणि तशीच थांबली. हिच्या जोडीचा नर या पाण्यात उरला नव्हता. सोडली तर अंडी त्या मोठ्या डोक्यांच्या नरांकडे जाणार, नाहीतर ही त्यांच्याच तोंडात.

"आठे नही, या पानीमा नही," ती म्हणाली. बोटावरची हळद तिनं पदराला पुसली.

तिनं ती मांगूर हंड्यात घालून वस्तीतल्या कौतिक आबांच्या पडक्या विहिरीत नेऊन सोडली. तिथं दुसरं काहीच नव्हतं. वैरी नाही आणि सोबतीही नाही.

पुढं दर बाजारी ती पारोळ्याच्या, भडगावच्या बायांच्या टोपल्या चाचपायची. "एखादा देशी नर शे का वं?" बाया माना हलवायच्या. येताना ती विहिरीच्या पायरीवर टेकायची. बऱ्याच वेळानं मांगूर वर यायची, श्वासापुरतं तोंड उघडायची आणि खाली जायची.

पदराच्या गाठीत हळदीची पुडी असे. आषाढ पुन्हा आला. जुनी हळद फिकी पडली होती. धुरपदाबाईनं गाठ सोडली, पुडी झटकली आणि नवी हळद बांधली.