धुऊन आणलेले हात

मला बाळंतपणाचा विभाग हवा होता, मिळाली कातडी. सोलापूरच्या एका सरकारी दवाखान्यात मी नोकरीला लागले ते दुष्काळाच्या मागोमागचं वर्ष. मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, तिकडे जागा नाही, तुम्ही खरजेकडे बसा. खरजेकडे! विभागाचं नावसुद्धा धड घेत नव्हते. बरोबरीच्या डॉक्टरणी जेवायच्या सुट्टीत मला बघून अंग खाजवायचं नाटक करायच्या आणि मीही हसायचे. न हसून करते काय?

खरूज तर होतीच. अंघोळीला पाणी नाही, एका वाकळेखाली चार-चार जणं झोपलेली, मग दुसरं काय होणार. त्यात नायटा, इसब, गजकर्ण, घामोळ्या पिकून झालेले फोड. शर्ट काढा, वळा, बगल दाखवा, बोटांच्या बेचक्या दाखवा, मलम खाली मिळेल, चला पुढचा. सुरुवातीला मला कणव यायची. एकेका लेकराला मी स्वतः मलम लावून द्यायचे. मग ते बंद झालं. कधी झालं ते सांगता येणार नाही. घरी येऊन मी भाकरी आणि शेंगाची चटणी पोटभर खायचे आणि पडल्या पडल्या झोपायचे. आई एकदा म्हणाली, तुला कसं गं काही वाटत नाही? मी तिला म्हटलं, वाटून घेतलं तर उद्या तिथं बसवणार नाही. हे आपलं सांगायला बरं. खरं म्हणजे मी काही आवरून धरत नव्हते. आत आवरण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

महारोगाचे पेशंट त्याच रांगेत यायचे. तो शब्द कुणी तोंडातून काढत नसे. 'ते' म्हणायचे. 'ते' आहे का, 'ते' नाही ना. आमच्याकडे तो रोग ओळखायची रीत अगदी साधी होती. उजेडात, खिडकीपाशी पेशंटला उभं करायचं. कापसाची बारीक वात करून त्याला एकदा दाखवायची, चांगल्या कातडीवर टेकवून बघायला सांगायची, आणि मग डोळे मिटायला लावायचे. कापूस जिथं टेकेल तिथं त्यानं बोट ठेवायचं. चट्ट्यावर टेकवला आणि बोट आलं नाही, तर झालं. मग कोपराची नस चाचपायची, जाड लागते का बघायची. गर्दी असली की बोट ठेवण्यात वेळ जातो म्हणून आम्ही नुसतं 'लागलं' म्हणा म्हणायचो.

आता ही तपासणी आहे, परीक्षा नाही, हे मी किती डोकं फोडून सांगितलं असेल! पण डोळे मिटायला लावून कुणी काही विचारलं की माणसाला ती परीक्षाच वाटते. पापण्यांतून चोरून बघणारे होते. कापूस लागो न लागो, 'लागलं लागलं' करणारे होते. एका म्हातारबांनी तर शेवटी विचारलं होतं, पास झालो का वो बाई? लोक माझ्यापुढे रोग लपवून पास व्हायला बघायचे, आणि पास झाले की वर्षा-दोन वर्षांनी बोटं वाकडी घेऊन परत यायचे. त्यांचा मला राग यायचा. कणव गेली तरी राग काही गेला नव्हता, तो शेवटपर्यंत टिकला.

ते तिघं आले ते अशाच एका गर्दीच्या सकाळी. पूर्व भागातले, विणकराच्या घरचे. थोरला भाऊ पुढे. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, घरी दोन-तीन माग असावेत असा. मागे धाकटा भाऊ आणि त्याची बायको, तिच्या कडेवर दीड-दोन वर्षांची मुलगी. धाकटा एका रंगाच्या कारखान्यात सुताच्या लडी रंगवायचा. उकळत्या हौदात काठीवर लडी टाकायच्या, हातानं फिरवायच्या, असलं काम. नवरा-बायको आपसात तेलुगूत बोलत होते, माझ्याशी मराठीत.

थोरल्यानं मला बाजूला घेतलं. आवाज अगदी हळू. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. त्यानं सांगितलं, भावाच्या दंडावर चट्टा आहे, गल्लीत बोलायला लागलेत. घर एकत्र आहे, चूल एक आहे, घरात त्याची स्वतःची चार मुलं. आठवडाभर भावाचं ताट वेगळं ठेवलंय. 'ते' नसेल तर आजपासून पंगतीला बसेल. असेल तर नवरा-बायकोची सोय त्यानं कारखान्याच्या मागच्या खोलीत केली होती. दोघांचीच. मुलगी घरातच राहणार, त्याच्या बायकोकडे.

"आहे की नाही, एवढंच सांगा बाई," तो म्हणाला. "दुसरं काय विचारत नाही."

मी माझं नेहमीचं पाठ केलेलं म्हणून दाखवलं. एक-दोन चट्ट्यांचा जो प्रकार असतो तो पसरत नाही, गोळ्या घेतल्या की आटोक्यात राहतो, कुणाला घराबाहेर काढायचं कारण नाही, लेकरू आईपासून तोडायचं तर मुळीच नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. अशी मान मी रोज बघत होते. लोक हो हो म्हणायचे आणि घरी जाऊन जे ठरवलेलं असे तेच करायचे. तो बाहेर बाकावर जाऊन बसला.

तुम्ही म्हणाल, खोटं सांगायचं होतं. रक्ताच्या गोळ्या म्हणून त्याच गोळ्या द्यायच्या होत्या. पण त्या गोळ्या ज्या खिडकीवर मिळायच्या ती खिडकी अख्ख्या सोलापूरला ठाऊक होती. आणि 'काही नाही' म्हणून पाठवलं असतं, तर त्या माणसाचा हात गेला असता. उकळत्या हौदावर काम करणारा माणूस.

धाकट्याला मी खिडकीपाशी घेतलं आणि त्यानं हात पुढे केले. बघते तर हात स्वच्छ! पूर्व भागातल्या रंगाऱ्यांचे हात मी कधी असे पाहिले नव्हते. त्यांचे हात कोपरापर्यंत निळे नाहीतर लाल, नखांच्या कडा काळ्या. त्या रंगाखाली चट्टा असला तरी दिसायची सोय नसायची, आणि मी त्यांच्यावर करवादायचे की तपासायला येताना सुट्टी काढून या. याचे हात गोरेपान दिसत होते, लालसर, सुरकुतलेले. मी विचारलं, हे काय केलं?

तो लाजून हसला. डॉक्टरीणबाईंसमोर असले हात कसे आणायचे म्हणून पहाटे ब्लीचिंग पावडरनं धुतले होते. कारखान्यात सगळे लग्नाकार्याला जाताना तसंच करतात. पावडर कालवायची, हात घासायचे, आणि झोंबायला लागलं की लगेच पाण्यात घालायचे. झोंबणं हेच त्यांचं घड्याळ.

मी उजवा तळहात उलटा केला. करंगळीच्या बाजूनं, मनगटापर्यंत, कातडी सोलून गेली होती. खाली ओलं लाल मांस. डावा हात नुसता लाल होता, उजव्याचा अंगठ्याकडचा भागही नुसता लाल होता.

मी विचारलं, इथं एवढं कसं झालं?

"तिथला रंग निघंना झालता," तो म्हणाला. "झोंबलं न्हाई, म्हणून आणि जरा घासलं."

बायको पटकन मध्ये बोलली, त्याला पहिल्यापासून सवय आहे, कढत पाण्यात हात घालतो, कारखान्यात सगळे त्याचा हात वाखाणतात. बोलताना तिनं मुलीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. तो हात बघून दुसऱ्या कुणाच्या अंगावर काटा आला असता. मला एवढंच वाटलं की चला, निदान पट्टी करावी लागणार, आणखी वेळ जाणार.

दंडावरचा चट्टा फिकट होता, कडेला किंचित उचललेला, त्यावर लव नव्हती. बघूनच मी मनाशी ठरवलं होतं. तरी रीत म्हणून कापूस घेतला, त्याला दाखवला, डोळे मिटायला सांगितले. चट्ट्यावर टेकवला.

"लागलं," तो म्हणाला.

मी चमकले. पुन्हा टेकवला. लागलं. चट्ट्याच्या मधोमध टेकवला. लागलं. हाताच्या खालच्या बाजूला, करंगळीवर. लागलं, लागलं. एकदाही चुकला नाही. पापण्या मी बघत होते, घट्ट मिटलेल्या. बाहेर रांग गलका करत होती. मला वाटलं, बाई, तुझाच अंदाज चुकला असेल. साधं शिबं असेल, घामानं उठणारं. हात जास्त घासला असेल, जाड कातडीचा माणूस आहे. 'नाही' म्हणून सांगावं आणि पुढचा बोलवावा. शब्द तोंडात आला होता, देवाशप्पथ.

तेवढ्यात मुलगी कुरकुरली आणि आईनं तिला वर सरकवलं. तिच्या हातातल्या बांगड्या वाजल्या.

"लागलं," तो म्हणाला.

कापूस माझ्या हातात, हवेत होता.

मी वळून तिच्याकडे बघितलं. ती माझ्या कापसाकडेच बघत होती, मी शिकवत असते तर पोरींनी बघितलं असतं तशी, नजर न हलवता. कापूस टेकला की मनगट जरासं हलवायचं, एवढंच ती करत होती. घरी दोघांनी बसून त्याची तयारी केली असणार. गल्लीतून कुणीतरी आधीच इथं येऊन गेलं असेल, त्यांनी सांगितलं असेल की बाई डोळे मिटायला लावतात. तिला कळलं की मला कळलं. तिनं काही सारवासारव केली नाही. मुलीला फक्त छातीशी घट्ट धरलं.

एरवी मी तिला फाडून खाल्लं असतं. किती जणांना मी त्या खोलीत घालून पाडून बोलले होते! त्या दिवशी रागही आला नाही. रोज येणारी एकच गोष्ट होती, तीही आली नाही, आणि मला स्वतःचीच भीती वाटली. मी तिला साध्या आवाजात सांगितलं, तुम्ही जरा बाहेर बसा.

ती गेली. बाहेर थोरल्या दिराशेजारी बाकावर टेकली, मुलीला मांडीवर घेऊन. मी दार लावून घेतलं.

तो तसाच खिडकीपाशी उभा होता, सरळ, छाती काढून. मी त्याला म्हटलं, पुन्हा एकदा बघू, डोळे मिटा. त्यानं मिटले. मी कापूस चट्ट्यावर टेकवला. तो गप्प. दंडावरून खाली आणला, कोपराजवळ, मनगटाजवळ, करंगळीवर. गप्प. पुन्हा वर नेला. शेवटी चट्ट्यावर टेकवून तसाच ठेवला आणि दुसऱ्या हातानं कोपरामागची नस चाचपली. ती दोरीसारखी जाड लागली.

"सुरू करा की बाई," तो म्हणाला. "डोळे मिटलेत मी."

मी कापूस काढला नाही. थोडं थांबून त्यानं डोळे उघडले, आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि मग खाली, स्वतःच्या दंडाकडे.

"कवापासून लावलाय?"

मी म्हटलं, मघापासून.

त्यानं मान हलवली. सदऱ्याची बाही खाली केली आणि बटण लावायला लागला. सोललेल्या हातानं ते जमेना, मी लावून दिलं. मग मी गोळ्यांचं सांगितलं. हात वाचेल म्हणाले, पण हौदाचं काम सोडावं लागेल, रोज हात डोळ्यांनी तपासायचा. हा प्रकार पसरत नाही, लेकरू खुशाल जवळ घ्या, मी स्वतः तुमच्या भावाला पुन्हा समजावते. तो सगळ्याला हो म्हणत होता. त्याची नजर दाराकडे होती.

मी दाराच्या कडीला हात घातला तेव्हा तो पहिल्यांदा आपणहून बोलला.

"लगेच नका सांगू बाई. जरा थांबा. तवर पोरगी तिच्या मांडीवर हाय."

मी कडीवरचा हात काढला आणि खुर्चीत येऊन बसले. बाहेर रांगेतले लोक दारावर थापा मारायला लागले. आम्ही दोघं बसून राहिलो.

मग मी दार उघडलं.