बाकाखालचं पाणी

आप्पांनी कारेगावच्या एका भंगारवाल्याकडून शिडाची होडी आणली, तेव्हा आईनं दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. आप्पा म्हणजे माझे वडील. तरुणपणी नौदलात होते, तिथून सुटल्यावर शिरूरला आले आणि एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला लागले. एकाहत्तराव्या वर्षी त्यांना परत पाण्यावर जायचं होतं. होडी फायबरची, जेमतेम बारा फुटी, दोन माणसं बसतील एवढी. रंग उडालेला, तळाला भेगा, शीड मात्र धड. टेम्पोतून उतरवून ती आमच्या अंगणात दोन जुन्या टायरांवर पालथी घातली.

मी शिरूरच्याच एका शाळेत गणित शिकवते. मला पोहता येत नाही. पाणी गुडघ्याच्या वर आलं की माझा श्वास अडकतो. तरी होडीचं काम माझ्यावरच आलं, कारण आप्पांचे हात थरथरायला लागले होते. चहाचा कपसुद्धा त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागे. ते खुर्ची टाकून बसत आणि सांगत, मी करत असे.

मे महिन्याच्या सुट्टीत सुरुवात केली. रुपयाच्या नाण्यानं तळावर ठोकत जायचं. टणटण वाजलं तर फायबर चांगलं, भद्द वाजलं तर आतून सुटलेलं. तेवढा भाग पॉलिश पेपरनं घासायचा, फायबरची जाळी कापून ठेवायची आणि रेझिनमध्ये ते वाळवून कडक करणारं हार्डनर मिसळून ती ब्रशनं बसवायची. पहिल्याच दिवशी माझ्या हातून हार्डनर जास्त पडलं. मिश्रणाचा प्लॅस्टिकचा मग हातात तापू लागला, बघता बघता वाकडा झाला आणि आतून पांढरा धूर निघाला. मी तो अंगणात भिरकावला. पडला तिथलं गवत करपून गेलं.

आप्पा रागावले नाहीत. थेंब मोजून टाकत जा, एवढंच म्हणाले. पण त्या दिवसापासून हार्डनरची ती छोटी बाटली मी हात लांब करूनच धरायचे. मी दरवेळी थोडं कमीच टाकायचे. मेच्या उन्हात ते खपून गेलं, सगळी ठिगळं ठणठणीत वाळली.

शेवटचं ठिगळ राहिलं ते आषाढात. होडीच्या दोन्ही कडांना बसायला पोकळ बाकं होती. त्यांत हवा कोंडलेली असते, त्यामुळे होडी पाण्यानं भरली तरी बुडत नाही. उजव्या बाकाच्या तळाशी बोटभर भेग होती. हवा दमट, आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर पट्टी. मी एकटीनंच ते ठिगळ लावलं आणि भीतीनं हार्डनर फारच कमी टाकलं. दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर चिकट. तिसऱ्या दिवशीही नख रुतत होतं. खरवडून नव्यानं करायला हवं होतं. म्हणजे पुन्हा ती बाटली. मी वरून रंग मारून टाकला.

"वाळलं का?" आप्पांनी आतून विचारलं.

मी वाळलं म्हणून सांगितलं.

पुढच्या महिन्यात, एका उघडिपीच्या रविवारी त्यांनी टेम्पो बोलावला. घोड नदीवरचं धरण तेव्हा भरत आलं होतं. आदल्या रात्री मला झोप लागली नव्हती. खरं बोलावं असं दहादा मनात आलं आणि दहादा तोंड उघडलं नाही. तुला भीती वाटत असंल तर मी एकटा जातो, असं ते म्हणाले, तेव्हा मी मुकाट्यानं लाइफ जॅकेट चढवलं आणि होडीत बसले.

वारा उजवीकडून होता. शीड भरलं, काठ मागं पडला. वारा येईल त्या बाजूला बसायचं असतं, म्हणून आम्ही दोघं उजव्याच बाकावर होतो. दहा मिनिटं गेली असतील. मग माझ्या मांडीखाली, बाकाच्या आत, डबक असा आवाज आला. होडी हलली की पुन्हा डबक.  काठावरचं मोटरघर आता काडेपेटीएवढं दिसत होतं. आप्पा सुकाणू धरून पुढं बघत होते, ऐकायला त्यांना जरा कमीच येई. ते आता होडी वळवणार होते. वळवली की वारा डावीकडून येणार आणि पाण्यानं जड झालेली ही बाजू खाली जाणार, एवढं मलाही कळत होतं.

"आप्पा, वळवू नका. बाकात पाणी शिरलंय. ते ठिगळ वाळलं नव्हतं."

त्यांनी बाकावर हात ठेवला.  त्यांचा चेहरा पांढरा पडलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. शीड उतरव, असं ते म्हणाले. शिडाच्या दोरीची गाठ भिजून घट्ट बसली होती. त्यांच्या हातांना ती सुटेना, माझ्याही बोटांना सुटेना. शेवटी मी दातांनी सोडवली. शीड खाली आलं. आम्ही डाव्या बाकावर सरकलो, आणि मी गुडघ्यावर बसून वल्हं मारू लागले. उजवी कड हळूहळू खाली जात होती. मी तिकडं बघत नव्हते, वल्ह्याचे फटके मोजत होते. चारशेच्या पुढं कुठंतरी मोजणी चुकली.

काठाजवळ आल्यावर आप्पा आधी उतरले. "उतर, कमरेइतकंच हाय," ते म्हणाले. माझी बोटं होडीच्या कडेवरून सुटत नव्हती. त्यांनी ती एकेक करून सोडवली.

होडी चिखलात ओढून त्यांनी बाकातलं पाणी काढायचं बूच काढलं. पाणी किती तरी वेळ वाहत राहिलं. ते दगडावर बसले.

"कवापासून ठाऊक व्हतं तुला?"

"लावलं तेव्हापासून."

"आन् तरी बसलीस?"

"तुम्ही एकटे गेला असता."

त्यांनी उठून बूच परत बसवलं.  घरी आईला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी शेजारून ग्राइंडर मागून आणला आणि ते ठिगळ मला कापायला लावलं. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं ते सोलून आलं. नवीन ठिगळाच्या वेळी ते खुर्ची सोडून माझ्या शेजारी जमिनीवर बसले. मी थेंब टाकत होते, ते मोठ्यानं मोजत होते. मिश्रणाचा मग तापला, पण धूर आला नाही. चार दिवसांनी सायकलच्या पंपानं बाकात हलकेच हवा भरली, सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी फिरवलं आणि आम्ही दोघं डोळे लावून बसलो. एकही बुडबुडा आला नाही.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा गेलो. वारा मंद होता. तासभर होतो पाण्यावर, आणि त्या तासात मी शंभरदा तरी बाकाला कान लावला असेल. आत काही वाजलं नाही. परतताना टेम्पोत आप्पा झोपून गेले. माझ्या अंगातलं लाइफ जॅकेट मात्र घराच्या दारात उतरेपर्यंत तसंच होतं.