आखडलेली दांडी

ऐंशीच्या दशकात अंबडला माझं वेल्डिंगचं दुकान होतं. इगतपुरीकडचा एक भातवाला शेतकरी दर दिवाळीनंतर ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन यायचा. वळताना ट्रॉलीचा कोपरा ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाला घासू नये, म्हणून दोघांना जोडणारी मधली दांडी पुरेशी लांब लागते. मी टेप काढला की हा तो बाजूला सारायचा, ट्रॅक्टर पूर्ण वळवून उभा करायचा आणि खाली उतरून चाक आणि कोपऱ्यामधल्या फटीत स्वतःच शिरायचा. पोट टेकलं नाही, तर दांडी बरोबर!

पण पोट दरवर्षी टेकायचंच.

"थंडीनं लोखंड आखडलं वो. वीतभर वाढवा."

मी वाढवून द्यायचो. एकदा त्याची बायको सोबत आली होती. ती म्हणाली, "लोखंडाला काय झालं नाय, दादा. यांना आधी उपाशी उभं करा."

त्याने ऐकलं नाही. पुन्हा दांडी वाढली. निघताना त्या लांबलचक दांडीमागची ट्रॉली वळणावर इतकी आत आली, की माझ्या फाटकाचा खांबच आडवा झाला. हा उतरला, पोटावर हात ठेवून खांबाकडे बघत राहिला.

"शेठ, तुमचं फाटक पण आखडलं की."

मी त्याला खूप हसलो होतो. हल्ली पँटचं बटण लागेना, की मी धोब्याला फैलावर घेतो.