वाटणीला आलेला कारखाना

माझ्या वाटणीला गाड्यांचा कारखाना आला. असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हा कुणा मालकाचा पोरगा असणार. मालक कसला! लातूरहून चाकूरकडं जाताना रस्त्याला लागून आमचं रान होतं. काळं, भुसभुशीत, कमी पावसातही पोटापुरतं देणारं. कंपनीनं आजूबाजूची बरीच जमीन घेतली, त्यात आमचं निम्मं रान गेलं. मोबदला मिळाला तो विहिरीत, बहिणीच्या लग्नात आणि स्लॅबच्या घरात जिरला. शिवाय जमीन गेलेल्या प्रत्येक घरात एकाला कायमची नोकरी मिळणार होती. आम्ही भाऊ दोन.

एका नोकरीचे दोन तुकडे करता येत नाहीत. वडिलांनी भावकीतली चार शहाणी माणसं बसवली. चहा झाला, पान-सुपारी झाली आणि असा एक निवाडा निघाला जो फक्त आमच्याच लोकांना सुचू शकतो. नोकरी ही जमीनच धरायची. एकानं नोकरी घ्यायची, दुसऱ्यानं उरलेलं रान. नोकरी घेईल त्यानं रानावरचा हक्क सोडायचा, म्हणजे पुढं भांडण नको.

"परमनंट नोकरी म्हंजे बारमाही पाण्याचं रान हाय बाबा," एक चुलत आजोबा म्हणाले. "पाऊस पडू न्हाईतर न पडू, महिन्याच्या महिन्याला रास."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी लातूरला आयटीआय केलेला, फिटर. थोरला भाऊ, ज्याला आम्ही अण्णा म्हणतो, तो दहावीत दोनदा आपटून तिसऱ्यांदा बसलाच नव्हता. त्यामुळं नोकरी माझी ठरली. त्या दिवशी सगळ्या घराला कीव आली ती अण्णाची. वहिनी चुलीपुढं बसून पदरानं डोळे पुसत होती आणि आईला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणत होती, "धाकट्याच्या ताटात साय, आमच्या नशिबाला ताक." मी रजिस्ट्री ऑफिसात जाऊन हक्कसोड करून दिली आणि येताना लातूरहून पेढे आणले. अण्णानं पेढा खाल्ला नाही.

आज त्या चार शहाण्यांतले तिघे वर गेले. चौथा ऐकू येत नाही म्हणतो.

कारखान्यात गाडीचे सुटे भाग बाहेरून यायचे आणि आम्ही ते जोडायचो. रंग दिलेला सांगाडा लाइनवरून हळूहळू सरकत यायचा, प्रत्येकानं आपापलं काम करायचं आणि तो पुढं जायचा. मी डाव्या बाजूचे दरवाजे बसवायचो. दरवाजा बिजागरीला लावायचा, बोल्ट आवळायचे, मग एकदा लावून बघायचा. नीट बसला की भरीव, दबका आवाज यायचा. कुठं केसभर चुकलं असेल तर डबा आपटल्यासारखा वाजायचा. घरीसुद्धा कपाटाचं दार कुणी आपटलं की माझी मान तिकडं वळायची आणि बायको म्हणायची, "सुट्टी हाय आज, बसा गप."

गावात माझा मान मोठा. लग्नाच्या पत्रिकेत नावाखाली कंसात कंपनीचं नाव. आम्ही जोडलेली गाडी आमच्यातल्या एकालाही घेता आली नाही, पण रस्त्यानं एखादी गेली की आम्ही पोरांना दाखवायचो, 'ही आपली.' मूर्खपणाच तो. पण त्या मूर्खपणात दिवस बरे गेले, हे खोटं कशाला बोलू?

माझ्या समोर उजव्या बाजूचे दरवाजे बसवायला बिलोलीचा एक जण होता. आमच्या दोघांमधून गाडी जायची, त्यामुळं आमचं सगळं बोलणं गाडीच्या आरपार. त्याच्या घराण्याला कधी जमीन नव्हतीच. वडील रस्त्याच्या कामावर, हा शिकून परीक्षा देऊन लागलेला. जीभ तिखट. मी वाटणीची गोष्ट सांगितली तेव्हा तो दरवाजा हातात धरून हसत सुटला.

"तुमच्या लोकायला काहीबी वावरच दिसतंय का रे?" तो म्हणाला. "ही कंपनी हाय. कंपनीला धुरा नसतो, बांध नसतो. उद्या उठून गेली तर कुठल्या बांधावर उभं राहून भांडशील?"

मला राग आला होता. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही.

कारखाना एकदम बंद पडत नसतो. म्हाताऱ्या माणसासारखं त्याचं एकेक कमी होत जातं. आधी कंत्राटी पोरं गेली, मग दुसरी पाळी गेली. मग कँटीनचं ताक बंद झालं, तेव्हा आम्ही ओरडलो. पोरं गेली तेव्हा ओरडलो नव्हतो. लाइन दिवसाआड चालू लागली. पुण्याहून आलेला एक तरुण साहेब रोज सांगायचा, काळजीचं कारण नाही, हा फक्त थोडा संथ काळ आहे. त्याचं स्वतःचं सामान मात्र त्यानं कधीच पुण्याला पाठवलं होतं, असं त्याचा ड्रायव्हर सांगायचा.

मग कंपनीनं आम्हाला प्रशिक्षण दिलं. कशाचं? शेळीपालनाचं. ज्या हॉलमध्ये आम्हाला पहिल्या दिवशी लोखंड ओळखायला शिकवलं, त्याच हॉलमध्ये एक बाई पडद्यावर उस्मानाबादी शेळीची चित्रं दाखवत होत्या आणि शेळीला रोज किती चारा लागतो ते सांगत होत्या. मी उठून विचारलं, "मॅडम, चारा कुठून आणायचा? आमचं रान या हॉलच्या खाली हाय." लोक हसले. बाई बिचाऱ्या गोंधळल्या, त्यांना कुणीतरी एका दिवसासाठी बोलावलं होतं. साहेबानं मला बाहेर काढलं नाही, एवढंच. बहुतेक तोवर बाहेर काढण्यातही काही अर्थ उरला नव्हता.

खंडेनवमीला आम्ही लाइनची पूजा करायचो. घरी नांगर-कोयत्याला करतात तशी, झेंडूची माळ, हळदी-कुंकू, नारळ. शेवटच्या वर्षी साहेब म्हणाला, लाइन विकली आहे, घेणाऱ्यानं फोटो पाहून सौदा केलाय, तिच्यावर कुंकू लावू नका. मी त्याला म्हणालो, "साहेब, आमच्यात विकलेल्या बैलालासुद्धा कुंकू लावून धाडतात." त्यानं मोबाइलमध्ये तोंड घातलं. आम्ही लावलं कुंकू. नंतर एक कंत्राटी बाई येऊन ते ओल्या फडक्यानं पुसून गेली. तिला तरी काय बोलणार?

शेवटची गाडी पांढरी होती. तिला हार घालून सगळ्यांचा फोटो काढायचा होता. बिलोलीवाला मधोमध जाऊन उभा राहिला, अगदी साहेबाच्या खांद्याला खांदा लावून. मी गेलो नाही. "ये की," तो ओरडला, "मयताच्या घरीबी फोटो लावत्यातच!" पंधरा दिवसांत तो चाकणला निघून गेला, कंत्राटावर, आपल्या निम्म्या वयाच्या पोरांच्या हाताखाली. जाताना म्हणाला, "माझं बरं हाय गा. मला परत जायला काही नव्हतंच, म्हणून मी पुढं जायलो. तुझा जीव मागं अडकलाय."

खरं बोलला. कंपनीनं दिलेले हिशेबाचे पैसे मी लातूरला घेतलेल्या घराच्या कर्जात गेले. मुलगी अकरावीला, लातूरला क्लास लावलेला, तिला डॉक्टर व्हायचं होतं. चाळिशी ओलांडलेल्या फिटरला कुणी उभं करत नव्हतं. माझ्या डोक्यात रात्रंदिवस एकच होतं, अण्णाकडं जायचं आणि उरलेल्या रानातलं निम्मं मागायचं. कागदानं माझा हक्क नव्हता. पण ज्या नोकरीच्या बदल्यात तो सोडला ती नोकरीच मेली, मग सौदा कसला राहिला? बायको म्हणाली, मागू नका, तोंडघशी पडाल. मी म्हणालो, सख्खा भाऊ आहे. असं मोठ्यानं सांगावं लागलं तेव्हाच मला कळायला हवं होतं.

अण्णाचं आता बरं चाललं होतं. कंपनीमुळं रस्ता मोठा झाला, रस्त्यामुळं रानाला भाव आला. बोअरला पाणी लागलं, दोन तुकडे ऊस होता, बाकी सोयाबीन-तूर. म्हणजे कारखाना माझ्या वाटणीला आला आणि पिकला अण्णाच्या रानात. मी गेलो तेव्हा तो गोठ्यापुढं पाइप गुंडाळत होता. मी उभ्या उभ्याच बोललो. बसलो असतो तर धीर सुटला असता.

"अण्णा, मला निम्मं दे. न्हाई तर तिसरा हिस्सा दे. उसाचा नको, माळाकडचं दे."

तो पाइप गुंडाळतच राहिला. उत्तर आतून आलं, वहिनीचं.

"भावजी, तवा पंचात बसून गोड गोड घेतलं तुम्ही. आता कडू झालं म्हणून ताट बदलायचं का? दुष्काळात आम्ही जनावरं छावणीला नेली, तवा तुमचा पगार अर्धा मागितला होता का आम्ही?"

नव्हता मागितला. ते वर्ष मला आठवत होतं. त्या दिवाळीला आम्ही घरात फ्रीज घेतला होता. तिचं बोलणं खरं होतं आणि म्हणूनच मला ते सहन होत नव्हतं. मी तिला बोललो, नको तेवढं बोललो. ओट्यावर बसलेली आई दोन्ही कानांवर हात ठेवून "बास करा रे" म्हणत होती. वडील असते तर त्यांनी काय केलं असतं? त्यांनी पुन्हा चार शहाणे बोलावले असते.

शेवटी अण्णानं पाइप खाली ठेवला.

"रान दिणार न्हाई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "दिलं तर उद्या माझी पोरं मला इचारतील. पर तुला उपाशीबी ठिवणार न्हाई. सालगडी सोडून चाललाय माझा, पाडव्यापासून दुसरा बघायलोय. लोकाचा माणूस आणायचा त्यापरीस तू कर. घरचा माणूस असला की मला घोर न्हाई."

सालगडी. पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत वर्षभरासाठी ठरवलेला गडी. माझ्या आजोबांनी माळ फोडून केलेल्या रानात, माझ्या भावाचा. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. त्यानं टोमणा मारला असता तर मी वळून चालू लागलो असतो आणि जन्मभर त्याला शिव्या देत सुखानं जगलो असतो. पण तो मायेनंच बोलत होता. त्याला वाटत होतं, आपण भावाला सावरलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला त्या पाण्याचा सगळ्यात जास्त संताप आला.

मी हो म्हणालो. घरी येऊन सांगितलं तेव्हा बायको पोळ्या लाटत राहिली. मुलीला आम्ही सांगितलं, बाबा आता गावाकडची शेती बघणार. तिला आनंद झाला. मैत्रिणीला फोनवर सांगताना मी ऐकलं, "आमची शेती आहे ना चाकूरकडं."

पाडव्याला सकाळी गेलो. दारात गुढी उभी होती, वहिनीनं कडुनिंब-गुळाची गोळी हातावर ठेवली. चार शेजारी चहाला बसले होते. नव्या गड्याला पाडव्याला वर्षाचे कपडे, घोंगडं आणि चपलांचा जोड द्यायची आमच्याकडं रीत आहे. अण्णानं ती मोडली नाही. माझ्यासाठी त्यानं चाकूरच्या बाजारातून स्वतः जाऊन सगळं आणलं होतं, गड्यांना देतात त्याहून चांगलं. घोंगडं खांद्यावर टाकलं, कपडे काखेत दिले आणि चपला खाली वाकून माझ्या पुढं ठेवल्या. माझ्या पायाचं माप त्यानं कुणाला विचारलं नव्हतं. चपला बरोबर बसल्या.