रोज उठवलेली गाडी

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेतं काढली. पण नातवंडं म्हणाली, आबा, एखादी केस सांगा, की माझ्या डोळ्यांपुढे आधी येते ती ठाण्याच्या आवारात लिंबाखाली उभी असलेली एक पांढरी गाडी. ती उघडत नव्हती. एवढाच तिचा गुन्हा.

मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो आणि श्रेणी फौजदार म्हणून घरी बसलो. लिहायची सवय म्हणाल तर स्टेशन डायरीची, म्हणून जे घडलं तेवढंच लिहितो. ठाणं नांदेड जिल्ह्यातलं होतं. कोणतं ते सांगत नाही, माणसांची नावंही सांगत नाही.

गाडी लातूरच्या एका दातांच्या डॉक्टर बाईंची. विजेवर चालणारी. मंगल कार्यालयाबाहेरून चोरीला गेली आणि आमच्या हद्दीत सापडली. चोरही सापडले. मग गाडी आणि तिची किल्ली मुद्देमालात जमा झाली. कोर्टाचा हुकूम येईपर्यंत ती सांभाळायची जबाबदारी आमच्या मुद्देमालाच्या हवालदाराची.

हा हवालदार फार काटेकोर माणूस. एकदा कोंबड्यांच्या झुंजीत जप्त केलेले दोन कोंबडे त्याने स्वतःच्या डब्यातली भाकरी चारून सांभाळले आणि कोर्टात हजर केले, तेही वजन वाढवून. त्याच्या ताब्यातली सुई कधी हरवली नाही. निवृत्तीला चार महिने उरले होते.

अडीच महिन्यांनी कोर्टाचा हुकूम घेऊन बाई आल्या. गाडी घेऊनच परत जायचं म्हणून एसटीने आल्या होत्या. हवालदाराने कपाटातून किल्ली काढून दिली. बाईंनी बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. दार उघडेना, दिवा लागेना, कुलपाचा आवाज नाही.

आमची सरकारी जीप रोज सकाळी धक्क्यानेच सुरू व्हायची. त्यामुळे गाडी चालू होत नाही म्हटल्यावर सहा जण कुणी न सांगताच मागे जाऊन उभे राहिले. "एक, दोन, तीन" झालं. गाडी इंचभर हलली नाही. एका शिपायाची पँट मात्र शिवणीवर उसवली.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ह्या गाडीची निम्मी किंमत बॅटरीत असते. गाडी तुमच्याकडं, किल्ली तुमच्याकडं. मग आतली बॅटरी कुठं गेली?"

सगळ्यांच्या माना आपोआप हवालदाराकडे वळल्या. तो जमिनीकडे बघत होता.

ठाण्याच्या साहेबांनी मला आत बोलावलं. "उद्या दुपारपर्यंत मला उत्तर पाहिजे. नाहीतर ह्याचा रिपोर्ट वर जाईल. मग निवृत्ती कसली, चौकशीच."

बाई त्या दिवशी गावातल्या मैत्रिणीकडे थांबल्या. आणि दुपारीच मला खबर लागली. चहाच्या टपरीवाला माझा जुना खबऱ्या. ग्लास विसळता विसळता म्हणाला, "साहेब, तुमचा हवालदार बॅटरीवाल्या मिस्त्रीकडं चकरा मारून राहिला. लई दिवस झाले. फोनमधले फोटो दाखवतो, अन् मला बघितलं की फोन खिशात."

खबर पक्की होती आणि तिचा अर्थ एकच निघत होता.

मी माणसाआधी कागद बघतो. स्टेशन डायरी काढून बसलो. गाडी आली त्या दिवसापासून रोज एक नोंद होती. 'सकाळी ८.१०. गाडी तपासली. बटण दाबले असता दिवे लागले, कुलूप वाजले. सुस्थितीत.' पन्नासहून जास्त दिवस हेच, शब्दाला शब्द. मग एके दिवशी नुसतंच, 'सुस्थितीत.' ना वेळ, ना दिवे. तो दिवस धरून एकोणीस दिवस तेच. माणूस खोटं बोलताना शब्द वाढवतो, खोटं लिहिताना मात्र कमी करतो. हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नाही, डायऱ्या वाचून कळलं.

हवालदाराला मागच्या खोलीत घेतलं. दार लावलं आणि चहा मागवला. मनात चोरी असलेला माणूस चहा हातात धरून बसतो, पीत नाही. घाबरलेला माणूस गरमच ओढतो, जीभ भाजली तरी. ह्याने दोन घोटांत कप रिकामा केला. माझा निम्मा जीव भांड्यात पडला.

मी डायरी पुढे सरकवली. "दिवे कुठं गेले?"

"कसले दिवे साहेब?"

"रोज लागायचे ते. एकोणीस दिवसांपासून लागले न्हाईत. का?"

त्याने रिकामा कप बाजूला सारला. "एका सकाळी बटन दाबलं, काईच न्हाई. म्हणलं, उद्या लागंल. उद्या बी न्हाई. सांगावं तर लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं जाता जाता हात मारला. म्हणून लिहीत गेलो."

"अन् मिस्त्रीकडं काय विकायला जायचास?"

"विकायला?" त्याचा चेहराच बदलला. "कोंबड्याला भाकर चारणारा माणूस मी, बॅटरी विकंल? उपाय विचारायला जायचो. त्यो म्हणायचा, आधी गाडी दाखव. ठाण्यातली गाडी म्हणायची लाज वाटली, म्हणून म्हणलं जावयाची हाय."

"तुला तर पोरगीच न्हाई."

"ते मिस्त्रीला कुठं ठाव हाय."

मी हसलो, आणि चौकशीत हसलो असं पहिल्यांदाच झालं. पण हसण्याने केस सुटत नाही. मिस्त्रीला फोन लावला. बसस्टँडजवळ त्याच्या बापापासूनचं दुकान, म्हातारा फार जाणता. म्हणाला, "ती गाडी मेलेली न्हाई साहेब, उपाशी हाय. उद्या सकाळी येतो. पण एक सांगतो, मोठीबरोबर एक लहान बॅटरी असती तिच्यात, ती एवढ्यात अशी बसत न्हाई. कुणीतरी तिला खाऊन राहिलं." कोण खात होतं ते काही मला कळेना.

संध्याकाळी घरी गेलो. ही चुलीपुढे भाकरी थापत होती. गॅस होता, पण भाकरी चुलीवरचीच, असा तिचा कायदा. मी सगळं सांगितलं.

ही म्हणाली, "हवालदार रोज उठवायचा तिला?"

"हाव. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी."

"अन् उठवून काय करायचा?"

"काय करणार? दिवे लागले की परत बंद."

"मग बसंल न्हाई तर काय." भाकरी तव्यावर टाकत ती म्हणाली, "रोज झोपेतून उठवायचं, बरी हायस का म्हणून विचारायचं, अन् खायला काई द्यायचं न्हाई. माणूस बी मरंल."

माझा हात ताटातच थांबला. पस्तीस वर्षं मी तपास केला, आणि आरोपी सापडला चुलीपुढे.

सकाळी मिस्त्री स्कूटरवर एक भरलेली बॅटरी घेऊन आला. बाईही आल्या. मी हिचं म्हणणं त्याला सांगितलं, तर म्हातारा टोपी सारखी करून म्हणाला, "वहिनींना माझा सलाम सांगा. अगदी तसंच झालं." मग सगळ्यांना समजावलं. "चाकं फिरवते ती मोठी बॅटरी. पण दार, दिवे अन् मोठीला जागं करणं, हे सगळं ह्या लहान बॅटरीचं काम. मोठ्या साहेबाच्या दारात शिपाई असतो ना, तसं. शिपाईच झोपला तर साहेब आत असून भेट न्हाई. बटन दाबलं की सगळी गाडी जागी होती, पाचधा मिनिटं लहानीला खाती. गाडी चालवली तर मोठी तिला परत भरती. तुम्ही चालवली कुठं? नुसती उठवली."

हवालदार हळूच म्हणाला, "म्हणजे मीच की हो."

मिस्त्रीने किल्ली घेतली, बाजूची खिट्टी दाबली आणि त्या प्लास्टिकच्या किल्लीच्या पोटातून एक लोखंडी किल्ली ओढून काढली. हवालदाराचे डोळे विस्फारले. "साहेब, पंचनाम्यात एकच किल्ली लिहिलेली हाय. ही दुसरी कुठं नोंदवू?"

त्या किल्लीने दार उघडलं. आतली कळ ओढून बॉनेट उघडलं. एका शिपायाने उत्साहाने आत हात घातला, तसा मिस्त्री ओरडला, "ती नारंगी वायर दिसती का? तिला शिवलास तर तुझाच पंचनामा करावा लागंल." शिपाई चार पावलं मागे.

लहान बॅटरीवरचा नंबर बाईंनी त्यांच्या सर्व्हिसच्या पुस्तकाशी ताडून बघितला. तोच होता. म्हणजे कुणी काही बदललेलं नव्हतं. मिस्त्रीने आणलेली बॅटरी तिला जोडली. बाई आत बसल्या. आम्ही सगळे कान देऊन उभे.

हवालदाराने विचारलं, "लागली का?"

"लागली," बाई म्हणाल्या.

"मग आवाज?"

"हिला आवाज नसतो मामा. इकडं बघा, मोठी बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली आहे." आणि बाई पहिल्यांदा मोकळं हसल्या. "माझं चुकलं. मी चोर म्हणाले नाही, पण मनात तेच होतं."

हवालदाराने काय करावं? टाचा जुळवून गाडीला कडक सॅल्यूट ठोकला. अख्खं ठाणं हसलं, साहेबही. मिस्त्री म्हणाला, "लातूरपर्यंत थांबू नका, बंद करू नका. तिथं लहानी बदलून घ्या. अन् पुढं लक्षात ठेवा, नुसतं उठवायचं न्हाई. फिरवून आणायचं." म्हणून बाईंनी निरोपाचा चहाही चालू गाडीत बसूनच घेतला.

एकोणीस खोट्या नोंदी मात्र मी लपवल्या नाहीत. साहेबांना सगळं सांगितलं. हवालदाराला लेखी समज मिळाली, त्याने ती घेतली आणि ठरल्या दिवशी हार घालून घरी गेला. काही महिन्यांनी मीही गेलो.

ह्या केसने काय शिकवलं, ते मला पुढे लातूरच्या दवाखान्यात कळलं. हिला आजारपणात तिथे ठेवलं होतं. दुपारी ती झोपली की मला धीर निघायचा नाही. अर्ध्या अर्ध्या तासाने खांदा हलवायचा, "बरं वाटतंय का?" एकदा तिने डोळे न उघडताच सांगितलं, "दिवे लागले म्हणून लिहा डायरीत."

मी ओशाळून हात मागे घेतला. थोड्या वेळाने म्हणाली, "मिस्त्रीनं काय सांगितलं होतं? फिरवून आणा."

डॉक्टर बाईंना फोन केला. त्या तीच गाडी घेऊन आल्या, दवाखान्यात बोलून तासाभराची परवानगी काढली. ही पुढे बसली, मी मागे. औशाचा किल्ला दिसेपर्यंत गेलो आणि वळलो. काच खाली करून ही वारा खात होती. म्हणाली, "काईच आवाज न्हाई हिला. तुमच्यापेक्षा बरी." बाई इतक्या हसल्या की गाडी बाजूला घ्यावी लागली. त्या तासाभरात मी तिला एकदाही विचारलं नाही की बरं वाटतंय का.

तिला जाऊन आता दहा महिने झाले. लोक येतात, खांद्यावर हात ठेवतात, विचारतात, कसे आहात? चांगल्या मनाने विचारतात. मी बरा आहे म्हणतो. ते गेले की आधीपेक्षा दमलेला असतो.

हवालदार तसलं काही विचारत नाही. रोज संध्याकाळी दारात स्कूटर आणतो, बंदही करत नाही. भोंगा वाजवतो आणि म्हणतो, "साहेब, बसा मागं."

मी चप्पल घालतो आणि बसतो.